डेल, एचपी, लेनोव्हो, एसर आणि एक असेंबल्ड: सगळ्यांवर एकच लिनक्स चालेल का?

देवणीकर

नमस्कार मंडळी,

देवणी तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही काही मित्रांनी मिळून अभ्यासिका चालू केलीय. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी पोरं-पोरी पहाटेच येऊन बसतात. पुस्तकांचं आणि टेबलांचं भागलं. आता पुण्याला नोकरीला गेलेल्या गावच्या मंडळींनी आपापली जुनी मशीनं धाडून दिलीत, पण सगळी वेगवेगळ्या कंपन्यांची.

डेल ऑप्टिप्लेक्स ३०२० डेस्कटॉप दोन, आय३ चौथी पिढी, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. एचपीचे लॅपटॉप दोन, लेनोव्हो आयडियापॅड दोन, एसर ॲस्पायर एक. एक असेंबल्ड, त्यात जुनं जीफोर्स २१० कार्ड. सोबत एक लेझरजेट १०२० प्रिंटर.

सगळ्यांवर विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११च्या अटीत यांतलं एकही मशीन बसत नाही. एका दुकानदारानं सांगितलं की विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली टाकायची तर प्रत्येक कंपनीसाठी वेगळं घ्यावं लागतं, ड्रायव्हरच्या सीड्या शोधाव्या लागतात, त्यापेक्षा भंगारात द्या.

मला विचारायचं आहे ते असं. सगळ्यांवर एकच लिनक्स बसेल का? प्रत्येक कंपनीचे ड्रायव्हर वेगळे आणावे लागतील का? आणि एका मशीनवर नीट बसवून तेच बाकीच्यांवर उचलून ठेवता येतं का? प्रत्येकावर पहिल्यापासून बसवत बसायला माणूस नाही.

हे मी हौसेसाठी विचारत नाही. २०२३ची तलाठी भरती संगणकावर झाली तेव्हा आमच्या गावातल्या एका मुलीनं परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा माऊस हातात धरला. अभ्यास पक्का होता तिचा. हे पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये एवढंच.

जालनेकर

भाऊ, एवढा कुटाणा कशाला? रूफस नावाच्या प्रोग्रॅमनं पेनड्राइव्ह बनवताना टीपीएमची, म्हणजे सुरक्षेच्या चिपची, अट काढून टाकायचा पर्याय येतो. तो निवडला की विंडोज ११ बसतं. पोरांना सवय पण त्याचीच आहे.

सोल्डर_परभणी

देवणीकर भाऊ, भंगारात काहीच देऊ नका. माझं दुरुस्तीचं दुकान आहे परभणीत, अशीच मशीनं रोज हाताखालून जातात. जरा लांबण लागेल, पण नीट सांगतो.

पहिली गोष्ट. झाकणावर कुठल्या कंपनीचं नाव आहे याच्याशी लिनक्सला जवळपास काही देणंघेणं नसतं. मशीन चालू झालं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आतल्या एकेका चिपला तिचा नंबर विचारतो. नंबर दोन भागांत असतो: पहिला चिप बनवणाऱ्याचा, दुसरा त्या चिपचा. ८०८६ आलं की इंटेल. १००२ म्हणजे एएमडी, १०डीई एनव्हिडिया, १०ईसी रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. हा नंबर कर्नलच्या यादीत सापडला की त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, आपोआप चढतो, आणि तो ड्रायव्हर आधीपासून लिनक्ससोबतच आलेला असतो. डेलमधलं रिअलटेकचं लॅनकार्ड असो की लेनोव्होमधलं, चिप तीच असेल तर ड्रायव्हर तोच. सीडी वगैरे काही शोधायची नाही.

म्हणून ‘अमुक कंपनीवर लिनक्स चालतं का’ हा प्रश्नच अर्धवट आहे. चिप कोणती ते विचारा. एकाच नावाच्या मालात सुद्धा चिप बदलते. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन७२२एन नावाचा वायफाय डोंगल बघा, पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसऱ्यापासून रिअलटेकची. खोक्यावर नाव तेच. एकासाठी लिहिलेली युक्ती दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि माणूस उगीच कंपनीला नाहीतर लिनक्सला बोल लावतो.

कंपनीचा खरा संबंध येतो बायोसपाशी, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा बोर्डातला प्रोग्रॅम. तिथं प्रत्येकाचं घर वेगळं. पेनड्राइव्हवरून चालू करायला डेलला एफ१२ दाबायचं, बायोसात जायला एफ२. एचपीला एस्केप दाबून मग एफ९, आणि बायोसासाठी एफ१०. आयडियापॅडला एफ१२ किंवा बाजूला टाचणीएवढं भोक असतं त्यात टाचणी घालायची, मेन्यू येतो. एसरला एफ१२ आहे, पण बऱ्याच मॉडेलांत ते आधी बायोसात जाऊन चालू करावं लागतं. एसरची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: सिक्युअर बूटच्या, म्हणजे ओळखीचीच प्रणाली चालू होऊ देणाऱ्या कुलपाच्या, ओळी फिकट दिसतात, बदलता येत नाहीत. मशीन बिघडलेलं नसतं. आधी सुपरव्हायझर पासवर्ड ठेवायचा, मग त्या ओळी उघडतात. काम झालं की पासवर्ड काढून टाका, नाहीतर अभ्यासिकेच्या वहीत लिहून ठेवा. विसरलेल्या पासवर्डाची मशीनं माझ्याकडं येतात तेव्हा फार वाईट वाटतं, चांगलं मशीन नुसतं कुलूप लावून पडलेलं असतं.

हे इन्स्टॉल करायच्या आधीचं. त्याच्याही आधी एक काम करा, सगळ्या मशीनांचे बायोसचे सेल बदला. डेस्कटॉपला सीआर२०३२, तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडं सुद्धा मिळतो. लॅपटॉपात काही ठिकाणी वायर लावलेला असतो, तो तसाच मागवा. आपल्याकडं लाइटीचा भरवसा नाही. सेल मेलेला असला आणि लाइट गेली की बायोस सगळं विसरून कारखान्यातल्या सेटिंगवर जातं. तुम्ही बूटची पद्धत बदललेली असते ती परत जुनी होते आणि सकाळी मशीन म्हणतं, चालू करण्यासारखी डिस्कच नाही. तारीखही कित्येक वर्षं मागं जाते. मग ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित ठरवतो, पोरांना वाटतं नेट बंद आहे. लिनक्स बिघडलं म्हणून माझ्याकडं आलेल्या जुन्या मशीनांत हा सेलच पुष्कळदा निघतो.

आता कोणतं टाकायचं. लिनक्स मिंट २२, त्यातलं एक्सएफसीई नावाचं हलकं रूप. २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. ४ जीबीत चालतं. खरी रॅम ब्राउझर खातो, म्हणून जमलं तर ८ करा, पण त्याआधी साध्या हार्ड डिस्का काढून एसएसडी लावा. चौथ्या पिढीच्या आय३ला एसएसडी लावली की तेच मशीन आहे यावर विश्वास बसत नाही. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर यावरच घाला.

पेनड्राइव्ह बनवा आणि काहीही न पुसता प्रत्येक मशीन त्यावरून नुसतं चालवून बघा. वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, उजेड कमी-जास्त करायच्या कळा. आणि लॅपटॉप असेल तर झाकण लावून पाच मिनिटांनी उघडा. हे कुणी बघत नाही, आणि पुष्कळदा अडकतं ते इथंच, कारण झोपणं-उठणं हे चिपवर नाही तर कंपनीनं बायोस कसं लिहिलंय त्यावर असतं. जिथं अडेल तिथं मिंटच्या मेन्यूत ‘सिस्टिम रिपोर्ट्स’ उघडा. ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’मध्ये प्रत्येक वस्तूपुढं चिप-आयडी लिहिलेला असतो. तो इथं टाका, फक्त ‘लॅपटॉपचं वायफाय चालंना’ असं लिहू नका.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही, तर बायोसात साटाची पद्धत ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ असेल, ती ‘एएचसीआय’ करा. तुम्ही सगळं पुसूनच टाकणार, म्हणून हरकत नाही. ज्यांना शेजारी विंडोज ठेवायचंय त्यांनी मात्र आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला लावून मगच हे बदलावं, नाहीतर विंडोज उठत नाही.

तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. होय, उचलून ठेवता येतं. ड्रायव्हर जवळपास सगळे कर्नलसोबतच असल्यामुळं डेलमध्ये तयार केलेली डिस्क काढून आयडियापॅडला लावली तरी ती उठते, नव्या चिपांचे नंबर विचारते आणि कामाला लागते. एका डेलवर सगळं नीट बसवा: मराठी कीबोर्ड, ब्राउझर, पीडीएफ, पोरांसाठी साधं खातं. मग डिस्कची नक्कल करणाऱ्या क्लोनझिला या प्रोग्रॅमनं त्या डिस्कची प्रत घ्या आणि बाकीच्यांवर उतरवा. चार गोष्टी सांभाळायच्या. सगळ्या मशीनांत बूटची पद्धत एकच ठेवा, यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत. नवी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी असावी. मूळ प्रतीत एनव्हिडियाचा ड्रायव्हर अजिबात घालू नका. आणि प्रत उतरवल्यावर प्रत्येक मशीनचं नाव बदला, शिवाय ‘मशीन-आयडी’ नावाची फाइल असते ती रिकामी करून नवी तयार होऊ द्या. नाहीतर कधीकधी राउटर दोघांना एकच पत्ता देतो आणि दोघांचंही नेट लटकतं. प्रत उतरवून एखादं मशीन उठलं नाही तर घाबरू नका, डिस्कवर सगळं आहे. फक्त त्या बोर्डाच्या बायोसला बूटची फाइल कुठं आहे हे एकदा दाखवून द्यावं लागतं.

जालनेकर दादा, विंडोज ११ तसं बसतं हे बरोबर आहे. पण अटीत न बसणाऱ्या मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि मोठी आवृत्ती आली की पुन्हा पेनड्राइव्ह घेऊन बसावं लागतं. ४ जीबीत ते किती रडतं हे तुम्हीही बघितलं असेल. घरच्या एका मशीनला ठीक आहे. अभ्यासिकेत ज्याला कुणाला वेळ मिळेल तो बघणार, तिथं कमीत कमी देखभालीचं पाहिजे.

देवणीकर

दादा, खूप उपकार झाले. सेल बदलले. पेनड्राइव्हवरून सगळी मशीनं चालवून बघितली.

दोन्ही डेल, एसर आणि असेंबल्ड एकदम व्यवस्थित. लॅपटॉपांत एक अडचण आलीय. एकाच कंपनीचे, दिसायला अगदी जुळे असे दोन आहेत. एकात वायफायचं चिन्हच येत नाही. दुसऱ्यात येतं, पण राउटरच्या शेजारी बसलं तरच नेट लागतं, दारापर्यंत गेलं की तुटतं. चिप-आयडी बघितले: पहिल्यात १४ई४:४३६५, दुसऱ्यात १०ईसी:बी७२३. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, जुळी असून आतली चिप वेगळी.

ज्यात वायफाय नाही त्याला लॅनचं भोक आहे, पण राउटर शेजारच्या इमारतीत आहे, तिथवर वायर जात नाही. नेट नसताना ड्रायव्हर आणायचा कसा?

सोल्डर_परभणी

वा, आता प्रश्न नेमका झाला.

१४ई४:४३६५ म्हणजे ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२. हिचा खुला ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही, कंपनीचा बंद ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये तो समोरच येतो, फक्त त्या क्षणी नेट पाहिजे. त्यासाठी मोबाईल चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडा आणि मोबाईलात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला तो मोबाईल लॅनकार्डासारखा दिसतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. ड्रायव्हर उतरवा, बसवा, वायर काढा. कुठल्याही गावात, कुठल्याही मशीनवर ही युक्ती चालते, म्हणून वायर खिशात ठेवत जा.

सिक्युअर बूट चालू असेल तर बसवताना तो एक पासवर्ड ठेवायला सांगेल आणि पुन्हा चालू केल्यावर निळा पडदा येईल. तो पडदा बघून बरेच जण मशीन बंद करतात. करू नका. ‘एनरोल एमओके’ निवडायचं, तोच पासवर्ड द्यायचा. नको असेल ती भानगड तर सिक्युअर बूट बंद करून मगच ड्रायव्हर टाका.

१०ईसी:बी७२३ म्हणजे रिअलटेकची आरटीएल८७२३बीई. हिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, म्हणूनच चिन्ह दिसतंय. रेंज का नाही ते सांगतो. कार्डावर अँटेनाच्या वायरीसाठी दोन जागा असतात. पुष्कळ लॅपटॉपांत लॅपटॉप बनवणाऱ्यानं वायर एकच दिलेली असते आणि ती दोनपैकी कुठल्याही जागेवर लावलेली असते. ड्रायव्हर ऐकतो भलत्याच जागेवर. विंडोजमध्ये त्या लॅपटॉपासाठी दिलेल्या ड्रायव्हरला योग्य जागा माहीत असते, लिनक्सला ती सांगावी लागते. मॉडप्रोब या ड्रायव्हर चढवणाऱ्या आज्ञेच्या सेटिंगमध्ये या ड्रायव्हरपुढं ‘एएनटी सेल’ची किंमत २ लिहायची, नाही जमलं तर १. ही ओळ जशीच्या तशी तुम्हाला निरोपात पाठवतो.

पेचकस चालवता येत असेल तर ओळ लिहायचीही गरज नाही. मागचं झाकण काढा, वायफायकार्डावरची बारीक वायर नखानं सरळ वर उचला आणि शेजारच्या जागेवर टिक असा आवाज येईपर्यंत दाबा. आधी बॅटरी काढून ठेवा. मी दुकानात हेच करतो, कारण पुढं कुणी नवं लिनक्स टाकलं तरी ते टिकतं.

मास्तर_नांदेड

मी नांदेडला तंत्रनिकेतनात शिकवतो. सोल्डर दादांनी फार नीट सांगितलं, माझ्या पोरांना हा धागा वाचायला देणार आहे. त्यात एक भर घालतो, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनांवर एकच प्रणाली चालावी ही सोय आपोआप आलेली नाही.

१९८१मध्ये आयबीएमनं पीसी काढला तो बाजारात मिळणाऱ्या भागांतून. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, डॉस मायक्रोसॉफ्टचं, आणि ते इतरांना विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टनं स्वतःकडं ठेवलेला. आयबीएमचं खास असं एकच होतं, बायोस. ते सरळ उतरवून घेणं कायद्यानं शक्य नव्हतं. कॉम्पॅकनं काय केलं, तर आयबीएमचा कोड कधीच न पाहिलेल्या लोकांना बसवलं आणि बायोसनं कोणतं काम कसं करून दाखवायला हवं एवढंच त्यांना सांगून नवं लिहून घेतलं. नोव्हेंबर १९८२मध्ये त्यांचा पोर्टेबल जाहीर झाला. पुढं १९८४मध्ये फिनिक्सनं असंच बायोस तयार करून कुणालाही विकायला काढलं. मग कुठलीही कंपनी पीसी बनवू लागली आणि सगळ्यांवर तेच डॉस चालू लागलं. देवणीकरांकडचं असेंबल्ड मशीन त्याच वाटेनं आलेलं आहे.

लिनस टोरवाल्ड्सनं १९९१मध्ये लिनक्स जाहीर केलं तेव्हा ते फक्त इंटेलच्या ३८६ प्रोसेसरसाठी होतं. दुसऱ्या जातीच्या मशीनवर नेण्याजोगं ते नाही असं त्यानं स्वतःच लिहिलं होतं. १९९५च्या १.२ आवृत्तीत ते अल्फा, स्पार्क आणि मिप्स या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरांवर पोचलेलं होतं. नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतल्या प्रत्येकावर लिनक्स आहे, आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइडचा गाभाही तोच आहे.

टंकलेखन_अंबाजोगाई

देवणीकर दादा, मी टंकलेखनाचे वर्ग घेते, म्हणून मराठीपुरतं सांगते. मूळ प्रत बनवतानाच हे करून ठेवा, मग सगळीकडं जाईल.

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘मराठी (एनहान्स्ड इनस्क्रिप्ट)’ जोडा. इनस्क्रिप्ट हा भारत सरकारचा प्रमाण आराखडा आहे. विंडोजवर शिकलेली मुलगी लिनक्सवर बसली किंवा उलट झालं, तरी बोटं तिथंच पडतात. इंग्रजी ‘J’च्या कळीवर र, शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ, म्हणजे ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ नीट उमटतात. पोरांना मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असते. त्यांच्यासाठी उच्चाराप्रमाणे चालणारा आराखडाही यादीत आहे, पण तो देऊ नका असं मी हात जोडून सांगेन. पहिले पंधरा दिवस जड जातात, मग वेग येतो आणि तो कायमचा राहतो.

लिबरऑफिसात मजकुराची भाषा मराठी निवडून ठेवा. नोटो देवनागरीसारख्या टंकात मग ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. हिंदी निवडलेली असेल तर हिंदी वळणाचे. अर्ज, निबंध छापून भिंतीवर लावणार असाल तर हे डोळ्यांना लगेच जाणवतं.

आणि कुणी जुन्या श्रीलिपीतल्या फायली आणून दिल्या तर त्या तशाच उघडून वाचता येणार नाहीत, कारण त्या युनिकोडमध्ये नसतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. यात लिनक्सचा दोष नाही. तो टंक नसेल तर विंडोजवरही तेच दिसतं.

देवणीकर

ताई, मास्तर, दादा, सगळ्यांचे आभार. इनस्क्रिप्टच ठेवला.

वायफायचं दोन्हीकडं जमलं. मोबाईलच्या वायरनं ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर आला. दुसऱ्या लॅपटॉपाची अँटेनाची वायर आमच्यातल्या एका वायरमनच्या पोरानं हलवली, आता शेवटच्या बाकापर्यंत रेंज येते. डेलवरची प्रत आयडियापॅडवर उतरवली, पहिल्याच दमात उठली. एसरला मात्र फाइल दाखवून द्यावी लागली, पासवर्डाची गोष्ट आधी वाचलेली होती म्हणून अडलो नाही.

आता दोन गोष्टी राहिल्या. प्रिंटर एकदा छापतो, पण लाइट जाऊन आली की छापत नाही. आणि पोरं विचारतात की घरोघरी जुने अँड्रॉइड मोबाईल पडलेत, त्यांच्यावर हेच मिंट टाकून वाचायला वापरता येतील का? मास्तर म्हणाले आत लिनक्सच आहे, म्हणून विचारतोय.

मास्तर_नांदेड

पोरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. उत्तर मात्र नाही असंच आहे, आणि कारण या धाग्याच्या विषयातलंच आहे.

पीसीत कर्नल विचारू शकतो, आणि चिप उत्तर देते. शिवाय बायोस एक तक्ता पुढं ठेवतं, कुठं काय बसवलंय त्याचा. मोबाईलच्या चिपांत तशी विचारायची सोयच बहुतेक ठिकाणी नाही. पडदा कुठल्या तारेवर आहे, बटण कुठल्या पत्त्यावर आहे हे कर्नलला आधीच लिहून द्यावं लागतं. त्या लिखाणाला डिव्हाइस ट्री म्हणतात आणि ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं. त्यावर बूटलोडरला, म्हणजे प्रणाली चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला, कंपनीचं कुलूप. म्हणजे पीसीच्या बाबतीत दुकानदाराचं जे म्हणणं खोटं ठरलं, प्रत्येकासाठी वेगळं लिनक्स लागतं हे, ते मोबाईलच्या बाबतीत मात्र खरं आहे. पोस्टमार्केटओएस नावाचा प्रकल्प २०१७पासून नेमकं हेच काम करतोय, एकेका मॉडेलसाठी. तुमच्या पोरांपैकी कुणाला गोडी असेल तर त्यांच्या यादीत आपलं मॉडेल आहे का ते बघावं. वाचायलाच पाहिजे असेल तर आहे त्याच अँड्रॉइडवर नको ती ॲपं काढून टाका आणि पीडीएफ ठेवा.

सोल्डर_परभणी

प्रिंटरचं सांगतो. लेझरजेट १०२०च्या पोटात त्याचं स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम, कायमचं साठवलेलंच नसतं. प्रत्येक वेळी चालू झाला की कॉम्प्युटरनं ते त्याच्यात भरायचं असतं. लाइट गेली की ते पुसलं जातं. लिनक्समध्ये हे काम एचपीच्या प्रिंटरांसाठीचं एचपीलिप करतं आणि मिंटमध्ये एचपीलिप असतंच, पण या मॉडेलसाठी कंपनीचं एक बंद प्लगइन वेगळं घ्यावं लागतं. टर्मिनलमध्ये ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा, मग विचारेल त्याला हो म्हणा. प्लगइनची आणि एचपीलिपची आवृत्ती तंतोतंत एकच लागते, म्हणून मोठं अपडेट झालं की ते पुन्हा घ्यायचं. प्लगइन बसलं की लाइट आल्यावर प्रिंटर चालू होताच फर्मवेअर आपोआप भरलं जातं. नाहीच झालं तर यूएसबी वायर काढून पुन्हा लावा, तेवढ्यानं होतं.

हा प्रिंटर दोन डेलपैकी एकालाच कायमचा जोडा आणि नेटवर्कवर बाकीच्यांना वाटून द्या, म्हणजे प्लगइन एकाच मशीनवर सांभाळावं लागेल. त्या डेलच्या बायोसात ‘एसी रिकव्हरी’ असते, ती ‘लास्ट’वर ठेवा. लाइट गेली तेव्हा मशीन चालू असेल तर आल्यावर आपणहून चालू होईल, प्रिंटरही त्याच्यासोबत.

असेंबल्डमधल्या जीफोर्स २१०ला कुठली तरी साइट ३४० नावाचा ड्रायव्हर सुचवेल. बसवू नका. त्या मालिकेचा सपोर्ट २०१९अखेर बंद झाला, नव्या कर्नलवर ती नीट बसत नाही आणि काळा पडदा येतो. आत्ता चालतोय तो नूव्हो, खुला ड्रायव्हर. वाचायला, अर्ज भरायला, व्हिडिओ बघायला तो पुरतो. पंखा मात्र त्या कार्डाचा काढून धूळ झटका आणि चिपवर नवी पेस्ट लावा. मार्च लागायच्या आत करा, एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली ते कार्ड तग धरणार नाही.